चिनी मातीवरील दीर्घायुष्याची चिन्हे आणि तथागतांचा धम्म

चिनी माती हा शब्द मराठी घरात इतका रुळला आहे की त्यातील देशाचे नाव आपल्याला आता जाणवतही नाही. लोणच्याची बरणी, चहाची कपबशी, वैद्याचा खल, या सर्वांना आपण सहजपणे चिनी मातीचे म्हणतो. परंतु चीनमधून भारतात केवळ भांडी आली नाहीत. भांड्यांवरील चित्रे आली, आणि त्या चित्रांबरोबर जीवनाविषयीची एक विशिष्ट कल्पनाही आली. ही कल्पना दीर्घायुष्याची, किंबहुना अमरत्वाची असून तिचे मूळ ताओ धर्मात आहे. चीनमध्ये बुद्धधम्माला या कल्पनेशी शतकानुशतके झगडावे लागले, तिच्याशी जुळवून घ्यावे लागले आणि काही ठिकाणी तिच्यापुढे हारही पत्करावी लागली. त्या संघर्षाच्या खुणा चिनी मातीच्या भांड्यांवर आजही वाचता येतात. त्या वाचणे हा केवळ कलेच्या अभ्यासकांचा प्रश्न नव्हे. याच चिन्हांच्या रांगेत बसलेली आणि बुद्धाचे नाव धारण करणारी एक मूर्ती आज आपल्या घरांत येऊन बसली आहे. म्हणून हा विषय आम्ही धम्मबांधवांपुढे मांडीत आहोत.

खाडीकाठचा प्रदेश आणि चिनी माल

ठाण्याच्या उत्तरेस उल्हास नदीच्या खाडीवर बाळकुम हे गाव वसलेले आहे. कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जाणाऱ्या प्रवाशाला ही खाडी दिसते. आज तिच्या काठावर उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या तरी प्राचीन काळी हा जलमार्ग महाराष्ट्रातील बौद्ध जगाची एक मोठी वाट होती. खाडीने वर गेले की कल्याण, खाली समुद्राकडे गेले की वसई आणि तिच्या शेजारी सोपारा, आणि ठाण्याच्या पश्चिमेच्या डोंगरात कान्हेरीची लेणी. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा आणि चेमुल म्हणजे चौल येथील दानकर्त्यांची नावे आहेत. हे दाते बहुतांशी व्यापारी, कारागीर आणि गृहस्थ होते. ज्या व्यापाराच्या बळावर लेणी कोरली गेली, त्याच व्यापाराने पुढील काळात या किनाऱ्यावर चिनी मातीची भांडी आणली. रायगड जिल्ह्यातील चौल येथे आणि गुजरातमधील संजाण येथे झालेल्या उत्खननांत चिनी भांड्यांची खापरे मिळाली आहेत.

अलीकडच्या काळातील चिनी माल मुंबईत आला तो मुख्यत्वे पारशी व्यापाऱ्यांमुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईतून कापूस व माळव्यातील अफू चीनकडे जाऊ लागली आणि परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी येऊ लागली. सर जमशेटजी जिजीभाई यांनी आपली संपत्ती याच व्यापारातून मिळविली. पारशी स्त्रियांच्या गाऱ्यावर भरतकामाने काढलेले करकोचे हे या व्यापाराचेच देणे आहे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंनी जमविलेल्या कलासंग्रहांत चिनी मातीच्या वस्तू होत्या. ते संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयास, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला मिळाले. चिनी कलेचे दर्शन घेण्यासाठी ठाणे-कल्याणच्या वाचकाला परदेशी जाण्याची गरज नाही. मात्र ज्या जहाजांनी दीर्घायुष्याची चित्रे इकडे आणली, त्याच जहाजांनी चिनी माणसाचे आयुष्य पोखरणारी अफू तिकडे नेली, ही विसंगती इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

चिन्हांची भाषा

चीनच्या जिआंगशी प्रांतातील चिंगदेचेन हे नगर चिनी मातीचे सर्वांत मोठे केंद्र होय. तेथील काओलिन नावाची पांढरी माती एका विशिष्ट दगडाच्या भुकटीत मिसळून सुमारे १३०० अंश तापमानाला भाजली असता पांढरे, कठीण आणि टिचकी मारल्यास नाद देणारे भांडे तयार होते. कोबाल्टच्या निळ्या रंगाने त्यावर चित्रे काढीत. ही चित्रे शोभेची असली तरी निरर्थक नसत. त्यांची एक ठरलेली भाषा होती.

करकोचा हा दीर्घायुषी पक्षी मानला जाई आणि ताओ धर्मातील सिद्धपुरुष त्याच्या पाठीवर बसून आकाशात जातात, अशी समजूत होती. देवदार वृक्ष हिवाळ्यातही हिरवा राहतो, म्हणून तो टिकाऊपणाची खूण. लिंग-ची नावाची अळंबी म्हणजे अमरत्वाची वनस्पती. ती हरणालाच सापडते, म्हणून हरणाच्या तोंडी ती दाखवितात. शी-वांग-मू म्हणजे पश्चिमेची राणीमाता. तिच्या बागेतील पीच हे फळ तीन हजार वर्षांतून एकदा पिकते आणि ते खाणारा अमर होतो. प्रचंड कपाळाचा, हाती काठी व पीच घेतलेला हसरा म्हातारा म्हणजे शौ-लाओ, दीर्घायुष्याचा देव. वटवाघूळही या चित्रांत दिसते, कारण चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन शब्दांचा उच्चार एकच आहे. यांच्या जोडीला आठ अमर पुरुषांचा समूह असतो. कधी त्यांची चित्रे न काढता केवळ त्यांच्या हातांतील वस्तू दाखवितात: पंखा, तलवार, भोपळा, बासरी, टाळ्या, फुलांची परडी, वेळूचे वाद्य आणि कमळ.

एका भांड्यावर दोन धर्म

आता याच भांड्यांवर दिसणारी दुसरी आठ चिन्हे पाहू. चक्र, शंख, छत्र, ध्वज अथवा चांदवा, कमळ, कलश, मत्स्ययुगल आणि अंत नसलेली गाठ. ही अष्टमंगल चिन्हे भारतातून बुद्धधम्माबरोबर चीनमध्ये गेली. मिंग व चिंग राजवटींतील असंख्य भांड्यांवर ती आढळतात, आणि अनेकदा आठ अमर पुरुषांच्या चिन्हांच्या शेजारीच आढळतात. कमळ तर दोन्ही समूहांत आहे. चक्र व शंख यांच्या सोबत असलेले कमळ धम्माचे. तलवार व बासरी यांच्या सोबत असलेले कमळ हो-शिएन-कू या अमर स्त्रीचे. शेजार पाहिल्याशिवाय कमळाचा अर्थ लागत नाही.

परंतु शेजाराचा परिणाम अर्थावरही होतो. ज्या गाठीला आरंभ नाही व अंत नाही, ती चिनी लोकांच्या मनात न संपणाऱ्या आयुष्याची गाठ बनली. तथागतांच्या मूर्तीच्या छातीवर चिनी शिल्पकार स्वस्तिक कोरीत. इ. स. ६९३ मध्ये सम्राज्ञी वू हिने त्या चिन्हाचा उच्चार ‘वान’ म्हणजे दहा हजार असा ठरविला. पुढे ते चिन्ह दीर्घायुष्यवाचक ‘शौ’ या अक्षराला जोडले गेले आणि त्याचा अर्थ झाला दहा हजार पटींचे आयुष्य. ज्या शास्त्याने सर्व संस्कार अनित्य आहेत असे शिकविले, त्याच्या छातीवरील खूण नित्य जगण्याच्या इच्छेची मुद्रा बनली. चिन्ह शाबूत राहिले, शिकवण मात्र गळून पडली.

अर्थबदलाचा इतिहास

हे एका दिवसात घडले नाही. बुद्धधम्म चीनमध्ये गेला तेव्हा चिनी लोकांनी तथागतांना आपल्या ओळखीच्या साच्यात बसविले. इ. स. १६६ मध्ये हान सम्राट हुआन याने राजवाड्यात लाओ-त्झू आणि बुद्ध या दोघांची एकत्र पूजा केल्याचा उल्लेख आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकांत दक्षिण चीनमध्ये मृतांसोबत पुरण्यासाठी हिरव्या झिलईचे मातीचे कुंभ तयार केले जात. त्यांवर पक्षी, मनोरे आणि सिद्धपुरुष यांच्या गर्दीत छोट्या बुद्धमूर्ती बसविलेल्या दिसतात. चिनी मातीच्या कलेतील बुद्धाची ही अगदी आरंभीची रूपे होत. तेथे बुद्ध मार्गदाता नाही. मृताला परलोकी सांभाळणाऱ्या अनेक देवतांपैकी तो एक आहे.

सुरुवातीच्या भाषांतरकारांपुढेही हीच अडचण होती. बोधीसाठी ‘ताओ’ आणि निर्वाणासाठी ‘वू-वेई’ असे ताओ परंपरेतील शब्द त्यांना वापरावे लागले. उसन्या शब्दाबरोबर उसना अर्थ येतोच. ह्युएनत्संग हा थोर यात्रेकरू इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेला. मायदेशी परतल्यावर, इ. स. ६४७ मध्ये, लाओ-त्झूच्या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर करण्याची राजाज्ञा त्याला झाली. सोबतच्या ताओ पंडितांचा आग्रह होता की ‘ताओ’ या शब्दासाठी ‘बोधी’ हा शब्द घ्यावा. ह्युएनत्संगाने तो मानला नाही. ताओ म्हणजे वाट, म्हणून ‘मार्ग’ हाच शब्द योग्य, असे त्याचे म्हणणे होते. एका शब्दासाठी हा माणूस का अडून बसला, हे आपण समजून घेतले पाहिजे. शब्द सोडला की धम्म हातचा जातो, हे तो जाणून होता.

याहून गंभीर प्रकार त्याआधीच घडला होता. इ. स. ३०० च्या सुमारास वांग फू नावाच्या ताओपंथीयाने एक ग्रंथ पुढे आणला. लाओ-त्झू पश्चिमेकडे भारतात गेला आणि तेथील रानटी लोकांना सुधारण्यासाठी त्याने बुद्धाचा धर्म निर्माण केला, असा त्यातील दावा. बुद्ध म्हणजे लाओ-त्झूचेच एक रूप, असे ठसविण्याचा तो प्रयत्न होता. या ग्रंथावरून जवळजवळ हजार वर्षे वाद चालला. इ. स. १२५८ मध्ये कुब्लाई खान याच्या अध्यक्षतेखाली झालेल्या वादसभेत ताओपंथीयांचा पराभव झाला आणि १२८१ मध्ये त्यांचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. ग्रंथ जाळणे हा वादाचा निकाल होऊ शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही चिनी बौद्धांनीही उलट लाओ-त्झू हा महाकाश्यपाचा अवतार असल्याचे ग्रंथ रचले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आमच्या वाचकांना हा डाव अनोळखी वाटणार नाही. भारतात बुद्धाला विष्णूचा नववा अवतार ठरविण्यात आले, आणि चीनमध्ये लाओ-त्झूचा. ज्याला वादात जिंकता येत नाही त्याला आपल्या कुळात दाखल करून घेणे, ही युक्ती दोन्ही देशांत सारखीच वापरली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा अवतारकल्पनेचा हा खोटा प्रचार नाकारते. चीनचा इतिहास पाहिला म्हणजे त्या प्रतिज्ञेचे महत्त्व अधिकच पटते.

अमरत्वाची किंमत

दीर्घायुष्याची इच्छा वाईट आहे, असे कोणी म्हणणार नाही. माणसाने निरोगी राहावे, औषध घ्यावे, म्हातारपणी सुखाने जगावे, यात धम्माच्या विरुद्ध काहीही नाही. लाओ-त्झूच्या मूळ शिकवणुकीतील साधेपणा आणि सत्तेविषयीची अनासक्ती यांचाही आदर केला पाहिजे. प्रश्न आहे तो मरण नाकारणाऱ्या तृष्णेचा. तथागतांनी तिला भवतृष्णा म्हटले आहे. ही तृष्णा राजाच्या मनात शिरते तेव्हा तिची किंमत इतरांना मोजावी लागते.

ह्युएनत्संगाचा आश्रयदाता सम्राट ताइ-त्सुंग याच्याकडे इ. स. ६४८ मध्ये भारतातून नारायणस्वामी नावाचा एक ब्राह्मण नेण्यात आला. आपण दोनशे वर्षांचे आहोत आणि अमर होण्याची विद्या आपल्याला अवगत आहे, असे तो सांगे. त्याच्याकडून रसायन तयार करविण्यात आले. पुढील वर्षीच सम्राट मरण पावला. तेव्हा हा भ्रम एकट्या चीनचा नव्हता. आपल्याकडूनही त्याची निर्यात होत होती. सम्राट वू-त्सुंग हा ताओ धर्माचा कट्टर अनुयायी होता. इ. स. ८४५ मध्ये त्याने ४,६०० हून अधिक विहार उद्ध्वस्त केले आणि २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींची चीवरे उतरविली. विहारांची जमीन व तांबे राज्याला हवे होते, हेही त्यामागील एक कारण होते. हा सम्राट दुसऱ्याच वर्षी, वयाच्या तिशीत, अमरत्वाची रसायने घेऊन मेला. अशा रसायनांत पारा व शिसे यांसारखे विषारी धातू असत.

चिनी मातीच्या भांड्यांवर दीर्घायुष्याची चिन्हे सर्वांत दाटीने दिसतात ती मिंग सम्राट चिया-चिंग याच्या काळात, म्हणजे १५२१ ते १५६७ या वर्षांत. करकोचे, अमर पुरुष, ‘शौ’ अक्षर आणि भोपळ्याच्या आकाराचे कलश यांनी त्याचा राजवाडा भरला होता. याच सम्राटाने १५३६ मध्ये राजवाड्यातील बौद्ध मंदिर पाडून तेथील मूर्ती नष्ट केल्या. त्याच्या रसायनांसाठी अल्पवयीन दासींचे रज गोळा केले जाई आणि त्यासाठी त्यांचा छळ होई. १५४२ मध्ये या दासींनी झोपलेल्या सम्राटाचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि सोळा दासींना हालहाल करून मारण्यात आले. संग्रहालयाच्या कपाटातील त्या काळच्या निळ्या करकोच्यांकडे पाहताना या मुलींची आठवण झाली पाहिजे.

भांडी घडविणाऱ्यांचे आयुष्य तरी लांब होते काय? चिंगदेचेनमध्ये तुंग पिन नावाच्या कुंभाराची कथा सांगतात. वान-ली सम्राटाच्या कारकिर्दीत, १५९९ मध्ये, प्रचंड आकाराच्या राजकुंभांची मागणी झाली. ते भट्टीत टिकत नव्हते आणि राजाचा अधिकारी कारागिरांना छळीत होता. तेव्हा तुंग पिनने भट्टीत उडी घेऊन प्राण दिला. पुढे कुंभारांनी त्याला भट्टीचा देव करून त्याचे मंदिर बांधले. ज्याला जगू दिले नाही त्याला देव करणे, हेही आपल्या परिचयाचेच आहे. राजाच्या दहा हजार वर्षांच्या आयुष्याची नक्षी ज्या भांड्यांवर उमटली, ती भाजणाऱ्या भट्टीत कुंभार आपले उरलेले आयुष्य टाकून गेला.

दोन ससे

ताओ परंपरा आणि धम्म यांतील फरक एका चित्रातून उत्तम समजतो. चंद्रावर ससा आहे, अशी समजूत दोन्ही देशांत आहे. चिनी चित्रात तो ससा झाडाखाली उभा राहून खलबत्त्यात अमरत्वाचे औषध कुटीत असतो. आपल्या शश जातकातील ससा वेगळा आहे. याचक दाराशी येतो. इतर प्राणी आपापल्याजवळचे अन्न देतात. सशाजवळ गवताशिवाय काहीच नसते. तेव्हा तो स्वतःचे शरीर देण्यासाठी अग्नीत उडी घेतो. अग्नी त्याला जाळीत नाही आणि त्याच्या दानाची खूण म्हणून शक्र चंद्रावर त्याचे चित्र काढतो.

या दोन्ही कथाच आहेत. त्यांना घडलेली घटना मानण्याचे कारण नाही. परंतु कथेतून समाजाची निवड दिसते. एक ससा स्वतःचे आयुष्य वाढविण्याच्या उद्योगाला लागला आहे; दुसऱ्याने आपले आयुष्य दुसऱ्यासाठी खर्चिले आहे. एकच चंद्र पाहून दोन परंपरांनी दोन प्रश्न विचारले: किती जगलो, आणि कोणासाठी जगलो.

‘लाफिंग बुद्धा’ कोण?

आता आपल्या घरातील मूर्तीकडे वळू. ठाणे, बाळकुम, कल्याण, डोंबिवली येथील भेटवस्तूंच्या दुकानांत चिनी मातीची एक मूर्ती सर्रास मिळते. सुटलेले पोट, उघडी छाती, हसरा चेहरा, खांद्यावर झोळी. तिला ‘लाफिंग बुद्धा’ म्हणतात. पोटावरून हात फिरविला की धन मिळते, मूर्ती विकत घेण्याऐवजी भेट मिळाली तरच फळते, दाराकडे तोंड करून ठेवावी, असे तिचे विधी सांगितले जातात. नव्या घराच्या प्रवेशाला ती भेट म्हणून दिली जाते आणि कित्येक बौद्ध कुटुंबांत ती तथागतांच्या प्रतिमेशेजारी विराजमान झालेली दिसते.

ही मूर्ती सिद्धार्थ गौतमाची नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या किनारी प्रदेशात एक फिरता भिक्खू होऊन गेला. कापडी झोळी घेऊन तो हिंडे, म्हणून लोक त्याला पु-ताई म्हणजे झोळीवाला म्हणत. आजच्या उच्चारात बुदाई. मिळालेले तो झोळीत टाकी आणि मुलांना वाटून देई, असे सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर तो मैत्रेय बोधिसत्त्वाचा अवतार असल्याची श्रद्धा पसरली. पुढे जपानमध्ये त्याला सात भाग्यदेवतांत बसविले, आणि त्या सातांत दीर्घायुष्याचे ताओ देवही आहेत. अशा रीतीने एक निष्कांचन भिक्खू संपत्तीचा व दीर्घायुष्याचा देव बनला. वाटणाऱ्याची झोळी साठविणाऱ्याची थैली झाली.

ही मूर्ती फोडावी, असे आम्ही सुचवीत नाही. ज्याला ती शोभेची म्हणून आवडते त्याने ती जरूर ठेवावी. पण तिला बुद्ध म्हणू नये, तिच्याकडे काही मागू नये आणि वंदनेच्या जागी ती ठेवू नये. आपल्या मुलांनी प्रश्न विचारला तर तिचा खरा इतिहास त्यांना सांगावा. बाबासाहेबांनी आपल्याला दगडाच्या देवांपासून सोडविले, ते चिनी मातीच्या देवांपुढे हात जोडण्यासाठी नव्हे.

सोपाऱ्याची खापरे

मैत्रेयाची खरी ओळख हवी असेल तर ती आपल्या खाडीच्या तोंडाशीच आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूप उघडला. आत दगडी पेटी होती. तिच्यात सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय अशा कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या आणि मध्यभागी एकात एक ठेवलेले करंडक होते. सर्वांत आतील करंडक सोन्याचा होता. त्या सोन्यात जपून ठेवलेली वस्तू म्हणजे मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. तथागतांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत, अशा श्रद्धेने प्राचीन उपासकांनी ते तेथे ठेवले, असे मानले जाते.

त्या तुकड्यांवर करकोचा नाही, पीच नाही, ‘शौ’ अक्षर नाही. ते भिक्षेचे, म्हणजे दिल्या-घेतल्याचे भांडे होते. ते फुटले, आणि फुटलेले म्हणूनच जपले गेले. तथागतांनी ऐंशीव्या वर्षी आपले शरीर जुन्या गाड्यासारखे झाल्याचे आनंदाला मोकळेपणाने सांगितले आणि अमर होण्याचे आश्वासन कोणालाही दिले नाही. बाबासाहेबांना पासष्ट वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्या पासष्ट वर्षांतून कोट्यवधी माणसांना माणूस म्हणून जगता आले.

चिंगदेचेनच्या कारागिरांचे कौशल्य थोर आहे आणि त्याचे कौतुक करण्यात आम्हाला संकोच नाही. पण दहा हजार वर्षांच्या आयुष्याची नक्षी असलेला कलश आणि सोपाऱ्याची तेरा खापरे यांत निवड करावयाची झाली तर आमचा वारसा कोणता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. उल्हासच्या खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येक उपासक-उपासिकेने एकदा तरी सोपाऱ्याच्या स्तूपास जाऊन यावे आणि घरी परतल्यावर आपल्या कपाटातील चिनी मातीकडे नव्या डोळ्यांनी पाहावे.